रॅकखालची जागा

खांदेमळणीच्या सकाळी हरिओमचा फोटो आला, तेव्हा महामायाच्या हातातला चहा निम्मासुद्धा झाला नव्हता. लातूरच्या गंजगोलाईत हरिओमचं दुकान. दुकानासमोर तिनं बनवलेले सहा रॅक ओळीनं उभे होते, पण अंगावरच्या सामानानं तिचे तिलाच ओळखू येईनात. पोळा उद्यावर आलेला. वरच्या कप्प्यांवर पितळी घाट्या आणि घुंगुरमाळा, मधे बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगाचे डबे, आणि कप्प्यांच्या पुढच्या काठाला लाल, पिवळे, हिरवे कासरे लोंबत सोडलेले. रॅकच्या पायाशी पाटावर बसून हरिओमची आई साखराबाई बैलांचे गोंडे ओवत होती. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, ‘ताई, सगळी गोलाई बघून राहिली.’

महामायाला कौतुक पचत नाही, असं तिचा धाकटा भाऊ प्रेम नेहमी म्हणायचा. त्या सकाळी मात्र तिनं तो फोटो प्रेमला दाखवला, आईला पाठवला आणि वडिलांनाही पाठवला. वडील, आनंदराज, पोस्टातून निवृत्त झालेले. पोरीनं पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन तारा वाकवत बसण्यापेक्षा सरकारी खुर्चीत बसावं, हे त्यांचं म्हणणं दर रविवारी जेवताना निघायचंच. त्यांनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. त्यांच्याकडून अंगठा येणं म्हणजे फार झालं.

तशी कौतुकाचीच गोष्ट होती. बाजारातल्या दुकानदाराचं दुखणं तिनं नीट पाहिलं होतं. सकाळी माल बाहेर मांडायचा, रात्री आत घ्यायचा. वर महिन्याला सण बदलतो. राख्यांना चार बोटं उंचीचा कप्पा पुरतो, गणपतीला हातभर लागतो, आकाशकंदील टांगायचे तर मधले कप्पेच नकोत. नेहमीचा लोखंडी रॅक घेतला तर पान्हा शोधा, नट शोधा, आणि एखादा नट नालीत गेला की दुकानदाराच्या तोंडून जे निघेल ते ऐका. महामायाच्या रॅकला नट नव्हताच. दोन बाजूंना तारेच्या दोन शिड्या. शिड्यांमधे प्रत्येक उंचीवर दोन आडवे गज, एक मागं, एक पुढं. कप्प्याला मागच्या बाजूनं दोन आकडे. ते मागच्या गजावर वरून अडकवायचे, पुढची बाजू पुढच्या गजावर टेकवायची, झालं काम. उंची बदलायची तर मागून उचला आणि दुसऱ्या गजावर न्या. रात्री कप्पे काढा, शिड्या मिटा, भिंतीला लावून ठेवा. कप्प्याचा काठ तिनं मुद्दाम वीतभर गजाच्या पुढं काढला होता, माल गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावा म्हणून. त्या वीतभर काठाचा तिला सगळ्यांत जास्त अभिमान होता.

रॅक पोचते केले त्या दिवशी हरिओमनं एकच प्रश्न विचारला होता. "माझी माय दिवसभर ह्याच्या बुडाशी बसती, ताई. भरवसा हाय ना?"

तिनं प्रेमला कप्प्यावर उभं केलं आणि उड्या मारायला लावल्या. प्रेमचं वजन लपवण्यासारखं नाही. तार जराशी कुरकुरली, बस्स.

"मी माझ्या मायला बसवीन ह्याच्या खाली," ती म्हणाली होती. हे ऐकून पाटावरच्या साखराबाईनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं होतं.

नांदेडच्या एमआयडीसीतल्या तिच्या शेडमधे नमुन्याचा एक रॅक कायम उभा असे. हरिओमचा फोटो पाहून तिला हुरूप आला. असाच फोटो आपणही काढावा, दुसऱ्या दुकानदारांना दाखवावा. तिनं प्रेमकरवी चार कासरे आणवले, काठाला बांधले, कप्प्यावर रंगाचे डबे मांडले. मोबाइल हातात धरून ती उजेड बघत होती, तेवढ्यात भोकरकडचे ग्यानोबा आले. त्यांनी कोंबड्यांसाठी तारेचं खुराडं सांगितलं होतं. पण खुराड्याकडं त्यांचं लक्षच गेलं नाही. दारात बैलजोडी असलेला माणूस, सण उद्यावर, आणि समोर कासरे.

"कुठून आणले हो बाई?" असं म्हणत त्यांनी एक कासरा हाताला गुंडाळला, पाय मागं रोवला आणि गच्चकन हिसडा दिला.

बैल राखणारा माणूस कासरा असाच बघतो. रंग, पीळ, गाठ या गोष्टी मागाहून. आधी हिसडा. महामायाच्या आजोळी, देगलूरच्या बाजारात, मुदखेडच्या रस्त्यावरच्या दुकानात, जिथं कासरा विकला जातो तिथं तो ओढूनच विकला जातो. हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं.

मागचे आकडे टक् करून गजावरून निघाले. कप्पा पुढं उलथला आणि डबे धडाधड ग्यानोबांच्या पायांशी आदळले. एक त्यांच्या अंगठ्याला चाटून गेला.

"माझ्यानं झालं का काय?" ग्यानोबा एका पायावर उभं राहून म्हणाले.

महामायाला सगळं एकदमच दिसलं. प्रेमच्या उड्या कप्प्याच्या मधोमध होत्या. मधे भार टाकला की कप्पा आणखी घट्ट बसतो. काठ खाली ओढला की पुढचा गज मधला टेकू होतो आणि मागची बाजू वर उठते. एवढी साधी गोष्ट, आणि ती कासऱ्याच्या मुलखात वाढलेल्या बाईच्या डोक्यात आली नाही. तिनं सामानाचा भार तपासला, माणसाच्या हाताची सवय तपासलीच नाही. आणि आज लातुरात तिच्या सहा रॅकसमोर उभं राहून येणारा-जाणारा प्रत्येक शेतकरी कासरे ओढत होता, खाली साखराबाई बसली होती. महामायानं फोन लावला.

हरिओमनं बऱ्याच वेळानं फोन उचलला. मागं बाजाराचा गलका.

"हरिओमभाऊ, काठावरचे कासरे आधी काढा. आणि आजीला तिथून उठवा."

"कामून?"

"कुणी जोरात ओढलं तर कप्पा उलटतो. इथं आत्ताच झालं."

"सकाळपासून ओढून राहिलेत की लोक. एक बी हालला न्हाई. तुमचाच माल, आन् तुम्हीच भिऊन राहिल्या?"

"कप्प्यावर डबे भरलेत म्हणून बसून हाय तो. डबे विकले जातील तसा मागचा भार कमी होईल. तुमचा धंदा जितका होईल तितकं..."

"ताई, आज खांदेमळणी हाय. दुपारून व्यापारी यायलेत, उदगीरचे, देगलूरचे. तुमचाच रॅक दाखवायला बोलावलंय म्या. बरं, बघतो, बघतो." फोन बंद झाला.

आपल्याकडं ‘बघतो’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायला नको. महामायानं पुन्हा दोनदा लावला. उचलला नाही.

तिनं कडक तारेचं वेटोळं ओढलं, फळीवर खिळे ठोकले आणि त्यांच्याभोवती तार वाकवली. पहिली पिन मोठी झाली, दुसरी सैल. तिसरी बरोबर बसली: आकड्याच्या उघड्या तोंडातून गजाखालून जाणारी, दुसऱ्या टोकाला चापासारखी अडकणारी. मग तिनं कप्पा पुन्हा लावला, दोन्ही आकड्यांना पिना घातल्या.

"काका, ओढा परत. सगळा जोर लावून."

ग्यानोबांनी आधी अंगठ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. तिचा चेहरा बघून त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी ओढलं, मग प्रेमनं ओढलं, मग दोघांनी मिळून. रॅकच पुढं सरकला, पण आकडे निघाले नाहीत. ग्यानोबा त्या गडबडीत खुराडं न घेताच निघून गेले.

लातूरला निघालेला त्यांचा छोटा हत्ती टेम्पो लोह्याच्या रस्त्याला लागला तेव्हा ऊन चढलं होतं. प्रेम गाडी हाकत होता आणि महामाया फळी मांडीवर घेऊन पिना वाकवत होती. खड्डा आला की पक्कड घसरायची आणि तार बोटात घुसायची. ओढ्या-ओढ्याला बैल धुणं चाललं होतं. एका ट्रॅक्टरच्या तोंडाला गोंडे बांधलेले होते. ज्याच्या दारात बैल उरला नाही त्याला सण कुणाचा तरी करावाच लागतो. एरवी ती यावर हसली असती.

अहमदपूर मागं पडल्यावर प्रेम म्हणाला, "अक्का, व्यापाऱ्यांपुढं काय सांगणार?"

"काय सांगायचं असतं? चूक झाली म्हणून."

"कामून सांगायचं? गुपचूप पिना लावू. नवी सोय काढली म्हणू. खोटं बी न्हाई ते."

खोटं नव्हतंच ते. आणि खरं सांगायचं तर तिला ते पटलंही. पाच वर्षं पुण्यात दुसऱ्यांची ड्रॉइंगं गिरवून ती परत आली होती. ‘महामायाचा रॅक’ असं लोकांनी म्हणायला कुठं आत्ता सुरुवात झाली होती. वेळेवर पोचलो, कुणाला काही झालं नाही, तर कशाला आपल्या तोंडानं आपली फजिती सांगा? ती पिना वाकवत राहिली आणि मनाशी म्हणत राहिली, फक्त पोचू दे.

गोलाईच्या अलीकडंच गर्दीनं गाडी अडवली. "तू लाव कुठं तरी आन् उरलेल्या पिना घेऊन ये," असं प्रेमला सांगून ती पिशवी घेऊन उतरली. कासरे खांद्यावर टाकलेली माणसं, झुली बघणाऱ्या बाया, मधेच घुसलेल्या मोटरसायकली. ती वाट काढत, धक्के देत, शिव्या खात पळत होती. लांबूनच तिला रॅक उभे दिसले. सहाही. साखराबाई खाली तशीच बसलेली.

हरिओमनं तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "आईला म्हणलं म्या. उठत न्हाई ती. गोंडे माझ्याच हातचे नेतात म्हणती. तुम्ही मागून लावा काय लावायचं ते. गाजावाजा नको. व्यापारी चौकात पोचलेत."

ती दुकानाच्या आतून रॅकच्या मागं गेली. वाकून, हात घालून, एकेका आकड्याला पिन. कप्पे उघडे पडत चालले होते. डबे खरंच विकले गेले होते. पुढून कुणी हिसडा दिला की अख्खा रॅक तिच्या हातात थरथरायचा. पहिला रॅक झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला तार बोटात रुतली, तिनं बोट पदराला पुसलं. व्यापारी यायच्या आत सगळं उरकेल असं तिला वाटायला लागलं होतं.

मग ती साखराबाईच्या डोक्यावरच्या रॅकपाशी आली.

मधल्या कप्प्यावरचे डबे संपले होते. मागं काहीच नव्हतं. पुढं काठाला मात्र हरिओमनं, जागा मोकळी दिसली म्हणून, पितळी घाट्यांचे दोन घोस टांगले होते. डावीकडचा आकडा गजावरून निघालेलाच होता. उजवीकडचा टोकावर आला होता. महामायानं पिशवी टाकली आणि दोन्ही हातांनी कप्प्याची मागची बाजू दाबून धरली. तारांच्या चौकटींतून तिला थेट खाली साखराबाईचा भांग दिसत होता, पांढरा, मधोमध.

आता पिन लावायला तिसरा हात हवा होता. प्रेमचा पत्ता नव्हता.

"या या, शेठ," समोरून हरिओमचा आवाज आला. "हेच ते रॅक. आन् ह्या ताई, नांदेडच्या. ह्यांनीच बनवलेत. एक नट न्हाई, एक बोल्ट न्हाई. ताई, जरा मिटून दाखवा की एक."

चौघं उभे होते. त्यांतला म्हातारा, देगलूरचा गुंडप्पा, रॅककडं बघतच नव्हता. दोर-दाव्यांच्या धंद्यात त्याचा जन्म गेलेला. त्यानं सवयीनं समोरचा एक कासरा उचलला, हाताला गुंडाळला. साखराबाईच्या डोक्यावरचाच.

"ओढू नका," महामाया म्हणाली.

गुंडप्पा थांबला. "का हो अम्मा? दोर कच्चा हाय काय?"

हरिओम घाईनं हसला. "गंमत करून राहिल्या ताई." आणि तारांमधून त्यानं तिच्याकडं जे पाहिलं, त्यात दम होता, विनवणीही होती. काही बोलू नका. एक शब्द बोलू नका.

तिला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते सोपंही होतं: ‘थांबा, नवी पिन बसवायची राहिली.’ प्रेमचं वाक्य. खोटं नसलेलं. पण त्या वाक्यानं साखराबाई उठली नसती. गिऱ्हाईक मागं हटलं नसतं. तिची बोटं घामानं निसटत होती आणि खालचा तो पांढरा भांग हलतही नव्हता.

"दोर पक्का हाय," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "रॅक कच्चा हाय. चूक माझी हाय. काठ ओढला की कप्पा उलटतो, हे मला आज कळलं. आत्ता मी हात सोडला तर ह्या घाट्या आजीच्या डोक्यात पडतील. आजी, उठा. बाकीचे मागं व्हा."

आजूबाजूची चार-दोन माणसं मागं सरकली. शेजारच्या रॅकपाशी एका गिऱ्हाइकाच्या हातात कासरा होता, त्यानं तो तापलेल्या तव्यासारखा सोडला. साखराबाईनं मान वर केली, तारांतून महामायाचे हात पाहिले. मग ती उठायला लागली. आधी सुई गोंड्यात खोचली, मग ओच्यातले गोंडे गोळा केले, मग गुडघ्यावर हात ठेवला. महामायाला वाटलं, ही बाई उठेपर्यंत आपली बोटं टिकायची नाहीत. उजवा आकडा अर्धा बोट सरकला. घाट्या वाजल्या.

गुंडप्पानं कासरा सोडला आणि दोन्ही तळवे काठाखाली लावून तो वर तोलून धरला. "लाव अम्मा, काय लावायचं ते."

तिनं एक हात काढला, पिशवीतून पिन घेतली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा चाप टक् करून बसला. मग दुसरा. मग तिनं हात सोडले.

उदगीरचे दोघं एकमेकांकडं बघून "नंतर बोलू हरिओमशेठ" म्हणत निघाले. तिसराही त्यांच्यामागं गेला. हरिओमचा चेहरा लालबुंद झाला होता.

"चार माणसांत नाक कापलं माझं," तो म्हणाला. "म्या बोलावलं होतं त्यांना, माझ्या शब्दावर. पोळा झाला की घेऊन जा सगळे."

"हाव," महामाया म्हणाली. ती उरलेल्या रॅकांच्या पिना लावायला वळली. प्रेम धापा टाकत आला, त्यानं एकदा तिच्याकडं आणि एकदा हरिओमकडं पाहिलं, आणि दुसऱ्या टोकापासून पिना लावायला लागला.

सगळं झाल्यावर ती पुढच्या बाजूला आली. साखराबाई पाट काखेत धरून उभी होती.

"झालं?"

"झालं."

"आता पडत न्हाई?"

"न्हाई पडत, आजी."

साखराबाईनं पाट खाली ठेवला. बरोबर पहिल्याच जागी, घाट्यांच्या खाली.

"मग बस," ती म्हणाली. "मायला बसवीन म्हणली होतीस. माय तुझी नांदेडला राहिली. तू बस."

हरिओम म्हणाला, "आई, काय लावलंय?" तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

महामाया बसली. साखराबाईनं तिच्या ओच्यात लोकरीचा गुंडा आणि सुई टाकली, आणि खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना म्हणाली, "बघून काय राहिलात? ओढा की. न ओढता कुणी कासरा घेतलाय का आजपोत्तर?"

कुणीच पुढं येईना. शेवटी गुंडप्पा आला. त्यानं मघाचाच कासरा हाताला गुंडाळला, पाय रोवला आणि हिसडा दिला. म्हाताऱ्याच्या अंगात जोर होता. महामायाच्या डोक्यावर घाट्या खणखणल्या, खांदे कानांपर्यंत गेले, डोळे आपोआप मिटले. वरून काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा ओढलं. मग कासरा सोडून तो वाकला, जमिनीवर पडलेली एक पिन उचलली, बोटांनी वाकवून बघितली, वाकेना, तशी खिशात टाकली आणि हरिओमशी कासऱ्यांबद्दल बोलायला लागला.

मग बाकीचे आले. एकानं ओढलं, दुसऱ्यानं ओढलं, एकानं बायको बघतेय म्हणून जरा जास्तच ओढलं. दर हिसड्याला महामायाची सुई बोटात जायची. किती तरी वेळ ती प्रत्येक खणखणाटाला वर बघत राहिली. तिचा पहिला गोंडा वाकडा झाला. दुसरा ओवताना वर घाट्या वाजल्या आणि तिची नजर दोऱ्यावरच राहिली, हे तिला मागाहून कळलं.

साखराबाई एवढा वेळ शेजारी उभीच होती, खांबाला टेकून, तिच्याकडं बघत. आता तिनं पदर खोचला आणि पाटाच्या कडेला हात टेकवला.

"सरक जरा," ती म्हणाली. "माझी जागा हाय ती."

महामाया सरकली. पाट दोघींना पुरेल एवढा नव्हता, तरी म्हातारी तिला खेटून बसली आणि वाकडा झालेला गोंडा तिच्या हातातून घेऊन उसवायला लागली.